यंत्र आले, चालविणाऱ्याला शिकविले का?

मृगाचा पाऊस लागला की आमच्या सीमाभागात दोन ठिकाणी गर्दी उसळते. एक बी-बियाणांच्या दुकानात आणि दुसरी महाविद्यालयाच्या प्रवेश खिडकीपाशी. पहिल्या गर्दीतला शेतकरी बियाणे पारखून घेतो, दाणा तळहातावर घोळवून पाहतो, भावात घासाघीस करतो. तोच शेतकरी दुसऱ्या गर्दीत मात्र मुलीचा अर्ज पुढे सरकवून हात जोडून उभा राहतो. समोर संगणक असतो, संगणकापुढे कारकून असतो आणि त्या दोघांत काय चालले आहे याचा त्याला पत्ता नसतो. आज आम्हाला लिहावयाचे आहे ते त्या संगणकाविषयी आणि त्याहून अधिक त्या कारकुनाविषयी.

काही वर्षांमागची गोष्ट. आमच्याच शाळेतून दहावी झालेली, पुढे बारावीही चांगल्या गुणांनी पार केलेली एक मुलगी वडिलांना घेऊन आमच्याकडे आली. मुलीचे नाव येथे देत नाही. ते 'ज्ञ' या अक्षराने सुरू होते, एवढे सांगितले तरी पुरे. पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला होता, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता आणि यंत्राने तो नाकारला होता. कारण काय, तर नाव जुळत नाही. आधार कार्डावर नावाची सुरुवात इंग्रजीत 'डी-एन-वाय' अशी होती. दहावीच्या गुणपत्रिकेवर ती 'जे-एन' अशी झाली होती. बँकेच्या पुस्तकात 'जी-एन-वाय' होते. आम्हा मराठी माणसांना ही तिन्ही नावे एकच. यंत्राच्या हिशेबी त्या तीन वेगळ्या मुली.

मुलीचे वडील म्हणाले, "गुरुजी, पोरगी माझीच की ओ! मी हितं उभा हाय, ती हितं उभी हाय. मग हे कंप्युटर का नाही म्हणूलालंय?"

या साध्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही त्यांच्याबरोबर खिडकीपर्यंत गेलो. तेथला कारकून कन्नड भाषिक, पण बाजारात शिकलेले मराठी चांगले बोलणारा, मनाने सरळ माणूस. तो म्हणाला, "सर, मला एक दिवस शिकविले बघा. पडद्यावर चित्रे दाखविली, सही घेतली, चहा दिला. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली. नोंद कशी करायची ते सांगितले. नोंद चुकली तर काय करायचे, ते कुणी सांगितलेच नाही की सर."

नाव दुरुस्त व्हायला त्या वर्षाचा दसरा आणि दिवाळी दोन्ही उलटून गेली. पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती हातची गेली ती गेलीच. फी आईने बचत गटातून कर्ज काढून भरली. मुलगी शिकली, हे तिचे नशीब आणि तिच्या आईची हिंमत. पण सगळ्याच आया कर्ज काढू शकत नाहीत आणि सगळ्याच मुली दुसऱ्यांदा खिडकीवर येत नाहीत. ज्या आल्या नाहीत त्यांची नोंद कोणत्याही यंत्रात नाही.

रजिस्टरातील तांबडी शाई

आम्ही पदवी घेतली त्या काळी बेळगाव जिल्ह्यातील महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी जोडलेली होती. १९४९ साली मुंबईत स्थापन होऊन धारवाडला गेलेले हे विद्यापीठ. बेळगावहून धारवाड सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. लाल बसने जायचे, भाकरी बरोबर बांधून न्यायची. आमच्याही प्रमाणपत्रात आडनावाचे एक अक्षर चुकले होते. तेथल्या वयस्क कारकुनाने जाडजूड रजिस्टर काढले, पान उलटले, मूळ अर्ज पाहिला, चुकलेल्या अक्षरावर तांबड्या शाईची रेघ मारून वर योग्य अक्षर लिहिले, बाजूला सही केली. साहेबांची सही व्हायला तासभर गेला. संध्याकाळच्या बसने आम्ही घरी परतलो.

तो काळ सोन्याचा होता असे आम्हाला म्हणावयाचे नाही. सह्यांसाठी हेलपाटे होते, रजिस्टरे वाळवीने खाल्ली जात होती, निकाल रखडत होते. पण एक गोष्ट त्या कारकुनाला पक्की ठाऊक होती. चूक झाली तर ती कोठे, कोणत्या पुराव्यावर आणि कोणाच्या सहीने दुरुस्त करावयाची, हे त्याला वर्षानुवर्षे ज्येष्ठांच्या हाताखाली काम करून समजले होते. तांबड्या शाईचा अधिकार त्याच्याकडे होता आणि त्या अधिकाराची मर्यादाही त्याला माहीत होती. नव्या यंत्रातही तांबडी शाई असते. फक्त ती कोठे ठेवली आहे, हे आजच्या कारकुनाला कोणी दाखवीत नाही.

नवी व्यवस्था काय आहे?

२०१० साली बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले आणि धारवाडचे हेलपाटे थांबले. पुढे २०२१ पासून कर्नाटकात राज्य विद्यापीठांसाठी आणि त्यांच्या महाविद्यालयांसाठी एकच संगणक प्रणाली आली. तिचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव 'यूयूसीएमएस', म्हणजे विद्यापीठ व महाविद्यालयांची एकत्रित व्यवस्थापन प्रणाली. प्रवेश, परीक्षा अर्ज, अंतर्गत गुण, निकाल हे सारे एका छताखाली आणण्याचा तिचा हेतू. शाळांसाठी 'सॅट्स' नावाची वेगळी नोंदणी आहे. शिष्यवृत्तीसाठी राज्याचे स्वतंत्र दालन आहे. त्यावर केंद्राची 'अपार' ही बारा आकडी ओळख आणि २०२१ साली सुरू झालेली शैक्षणिक श्रेयांकांची बँक. देशातील इतर अनेक विद्यापीठांत दिल्ली विद्यापीठात तयार झालेली 'समर्थ' प्रणाली वापरली जाते. सांगावयाचे तात्पर्य असे की, आज मुलाचे किंवा मुलीचे नाव शाळेपासून पदवीपर्यंत चार-पाच यंत्रांतून जाते आणि प्रत्येक यंत्र मागच्या यंत्राशी अक्षर न् अक्षर ताडून पाहते.

यात भर पडली ती अभ्यासक्रमांच्या अदलाबदलीची. २०२१ मध्ये नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार राज्यात चार वर्षांची पदवी आली. २०२४ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर राज्य शासनाने पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. धोरण बरे की वाईट हा आजचा विषय नाही. पण धोरण बदलले तेव्हा जुन्या आणि नव्या पद्धतीचे विद्यार्थी एकाच वेळी त्याच महाविद्यालयात होते, त्यांच्या विषयांची रचना वेगळी होती आणि या सर्वांच्या नोंदी करणारा माणूस तोच एक होता. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाचा विचार आपल्या देशात फार पूर्वी झाला. १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांच्यासाठी अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली. नावे बदलत ती आज मालवीय मिशनच्या नावाने चालतात. प्राध्यापकाला उजळणी वर्ग आहे आणि त्याची बढती त्या वर्गाशी जोडलेली आहे. पण नोंदणी विभागातील कारकून, परीक्षा विभागातील सहायक, महाविद्यालयाच्या कार्यालयातील तात्पुरत्या नेमणुकीवरचा संगणक चालक यांच्यासाठी तितकी पक्की, तितकी नियमित सोय झाली नाही. विद्यार्थ्याचे भविष्य प्राध्यापकाच्या व्याख्यानावर जितके अवलंबून, तितकेच या माणसाच्या बोटांवर अवलंबून आहे, हे आपण अजून मान्य केलेले नाही.

घोडे कोठे अडते?

सीमाभागात घोडे पेंड खाते ते नावापाशी. इतर ठिकाणी ही अडचण थोडी असेल, आमच्याकडे ती तिहेरी आहे. मूल मराठी शाळेत शिकते, तेव्हा नाव देवनागरीत लिहिले जाते. शासनाचे कागद कन्नडमध्ये होतात. यंत्र इंग्रजी अक्षरे मागते. एका नावाला तीन लिप्यांची नदी ओलांडावी लागते आणि प्रत्येक वेळी थोडे काहीतरी वाहून जाते.

'ज्ञ' चे उदाहरण वर आलेच. आम्ही तो 'द्न्य' असा उच्चारतो, कन्नड भाषिक तसा उच्चारीत नाही. म्हणून इंग्रजीत उतरविताना दोघांची अक्षरे वेगळी पडतात. यात कोणी कोणावर अन्याय केलेला नाही, दोघेही आपापल्या कानाशी प्रामाणिक आहेत. दुसरे उदाहरण शब्दाच्या शेवटच्या 'अ' चे. आम्ही 'विनायक' म्हणताना शेवटचा स्वर गिळतो. कन्नडमध्ये तो स्पष्ट उच्चारला जातो. त्यामुळे कन्नड कागदावरून इंग्रजी करणारा सहज 'विनायका' लिहितो, 'अशोक' चा 'अशोका' होतो. एक 'ए' वाढला की यंत्राच्या दृष्टीने माणूस बदलला. तिसरे उदाहरण 'ळ' चे. हे अक्षर मराठीत आहे, कन्नडमध्येही आहे, पण इंग्रजीत गेले की त्याचा 'एल' होतो आणि यंत्राने पुन्हा भारतीय लिपीत आणले की 'काळे' चे 'काले' होऊन बसतात.

चौथी गोष्ट नावाच्या क्रमाची. आमच्या शाळांच्या रजिस्टरात आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. दक्षिण कर्नाटकात पुष्कळ लोक आडनाव लावीतच नाहीत, गावाचे किंवा वडिलांचे आद्याक्षर लावतात. यंत्रात पहिले नाव, मधले नाव, शेवटचे नाव असे तीन कप्पे असले की आमचा 'पाटील' पहिल्या कप्प्यात जाऊन बसतो आणि मुलगी हजेरीपटावर 'पाटील' या नावानेच राहते. पाचवी गोष्ट गावाची. १ नोव्हेंबर २०१४ पासून शासकीय कागदांत बेळगावचे इंग्रजी नाव बदलले. त्याआधीच्या दाखल्यांवर जुने, नंतरच्यांवर नवे. अनुभवी कारकून म्हणतो, गाव तेच आहे. नवशिका म्हणतो, कागद जुळत नाहीत, प्रतिज्ञापत्र करून आणा. आणि बाप पुन्हा तालुक्याच्या गावाला स्टॅम्प पेपर आणावयास निघतो.

महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांत ८६५ सीमावर्ती गावांतील मराठी भाषिक विद्यार्थ्यांसाठी जी सवलत आहे, तिचा लाभ घेतानाही कागदावर कागद ताडला जातो. येथल्या यंत्रात चुकलेले अक्षर सीमा ओलांडून कोल्हापूर-पुण्यापर्यंत पाठलाग करते.

मुंबई आणि हैदराबादचा धडा

कोणी म्हणेल, हे सीमाभागाचे रडगाणे आहे, मोठ्या शहरांत असे होत नाही. तसे नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाएकी सर्व शाखांना लागू केली. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका. त्यांची पाने यंत्राने टिपून घ्यावयाची, प्राध्यापकांनी पडद्यावर वाचावयाची, तेथेच गुण द्यावयाचे. परीक्षा सुरू होऊन गेल्या तरी यंत्रणेची जुळवाजुळव चालूच होती. प्राध्यापकांना सरावाला वेळ मिळाला नाही. निकाल महिनोन् महिने रखडले, परदेशी जाणाऱ्या मुलांचे प्रवेश अडकले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पद गमवावे लागले. यंत्र चालविणारी माणसे तयार नसताना ते सुरू करण्याची घाई झाली, तिची ही किंमत.

एप्रिल २०१९ मध्ये तेलंगणात इंटरमीजिएटच्या निकालांत घोळ झाला. एका विद्यार्थिनीला ९९ गुणांऐवजी शून्य गुण दिसले. तपासणाऱ्या माणसाने गुणांचा गोल चुकीचा रंगविला आणि ती चूक वरच्या कोणत्याही पायरीवर पकडली गेली नाही. त्या निकालानंतर वीसहून अधिक मुलांनी आपले जीवन संपविल्याच्या बातम्या आल्या. शासनाला त्रिसदस्य समिती नेमावी लागली, नापास झालेल्यांच्या गुणांची विनामूल्य फेरपडताळणी करावी लागली. या मुलांच्या मृत्यूंना एकच कारण होते असे आम्ही म्हणणार नाही. पण नव्वदाच्या पुढे गुण मिळविणारी मुलगी अचानक शून्यावर येते, तेव्हा एखाद्या माणसाला थांबून 'हे कसे?' असे विचारावेसे वाटले पाहिजे. यंत्राला तसे वाटत नाही. ते माणसालाच वाटावयाचे असते आणि त्यासाठी माणसाला तसे शिकवावे लागते.

प्रशिक्षण म्हणजे चहा आणि सही नव्हे

आम्ही बी.एड.ला शिकलो, तेव्हा पहिलाच धडा असा होता की, सांगणे म्हणजे शिकविणे नव्हे. पोहणे फळ्यावर शिकविता येत नाही. हीच कसोटी या प्रशिक्षणाला लावावी. विद्यापीठाने आपल्या आणि महाविद्यालयांच्या कर्मचाऱ्यांना काय शिकवावे, याविषयी एका शिक्षकाच्या अनुभवातून काही सूचना मांडतो.

पहिली गोष्ट, प्रशिक्षण प्रवेशाच्या आधी हवे. खिडकीवर रांग लागल्यावर शिकविणे म्हणजे वरातीमागून घोडे. मार्च-एप्रिलात, सलग काही दिवस, रोजच्या कामातून मोकळीक देऊन ते व्हावे. आणि ते खऱ्या नोंदींवर नव्हे, सरावासाठी तयार केलेल्या खोट्या नावांच्या प्रतीवर व्हावे. तेथे मुद्दाम चुका कराव्यात आणि त्या दुरुस्त करावयास लावाव्यात. जो चूक दुरुस्त करावयास शिकला, त्याला नोंद करण्याची भीती राहत नाही.

दुसरी गोष्ट, नावांचा एक तक्ता हवा. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन रकान्यांचा, एका पानाचा. ज्ञ, ळ, शेवटचा अ, चव्हाण-शिंदे-कुलकर्णी यांसारखी नेहमीची आडनावे आणि नावांचा क्रम. प्रत्येक खिडकीवर तो काचेखाली असावा. आणि नियम एकच असावा, की कोणत्या कागदावरचे नाव प्रमाण मानावयाचे ते आधी ठरवावे, त्यावरून अक्षर न् अक्षर उतरवावे, स्वतःच्या कानावर विसंबून काहीही लिहू नये.

तिसरी गोष्ट, नोंद कायम करण्यापूर्वी विद्यार्थ्याला छापील प्रत द्यावी, ती त्याने घरी न्यावी, वाचावी, सही करून परत आणावी. एका दिवसाचा उशीर होईल, पण पुढचे सहा महिने वाचतील.

चौथी गोष्ट, दुरुस्तीची वाट स्पष्ट असावी. अर्ज कोणाकडे, कोणते कागद, किती दिवसांत, आणि अर्ज दिल्याची पोच. महाविद्यालयाच्या पातळीवर काय दुरुस्त करता येते आणि विद्यापीठाकडे काय पाठवावे लागते, हे कर्मचाऱ्याला तोंडपाठ असले पाहिजे. "वर विचारा" हे उत्तर नव्हे.

पाचवी गोष्ट, एका महाविद्यालयात एकच माणूस शिकवून भागत नाही. तो आजारी पडतो, त्याची बदली होते. तात्पुरत्या नेमणुकीचा असेल तर चांगली नोकरी मिळताच निघून जातो आणि त्याच्याबरोबर सारे ज्ञानही जाते. निदान दोघांना शिकवावे आणि त्यांतला एक कायम सेवेतला असावा. जुन्या कर्मचाऱ्यांना 'तुम्हाला जमणार नाही' म्हणून बाजूला सारू नये. संगणक नव्याला येतो, पण कोणता दाखला खरा आणि कोणता संशयास्पद, हे जुन्यालाच कळते. दोघांना एका बाकावर बसवावे.

सहावी गोष्ट गुप्ततेची. परवलीचा शब्द कागदावर लिहून पडद्याला चिकटविलेला आम्ही स्वतः पाहिला आहे. त्या पडद्यामागे आमच्या मुलींचे फोन क्रमांक, पत्ते, जातीचे दाखले, बँकेची खाती आहेत. २०२३ साली देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. आपल्याविषयीची चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क त्या कायद्याने नागरिकाला दिला आहे. म्हणजे दुरुस्ती ही आता कारकुनाची मेहरबानी राहणार नाही. हे खिडकीच्या दोन्ही बाजूंना ठाऊक असले पाहिजे.

भाषेचा प्रश्न टाळून चालणार नाही

१९५६ पासून या भागातील मराठी माणूस आपल्या भाषेतील कागदासाठी दाद मागतो आहे. तो लढा वेगळ्या पातळीवर चालू आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातही आहे. पण न्यायालयाच्या निकालाची वाट पाहात खिडकीवरच्या मुलीला थांबवून ठेवता येत नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत आपले गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार दिला आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० 'अ' हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची जबाबदारी राज्यांवर पडली. मातृभाषेतून शिकून वर आलेल्या मुलाला पदवीच्या दारात त्याच्या भाषेतील एका पानाचे माहितीपत्रक मिळावे, अर्ज कसा भरावा हे मराठीत लिहिलेले असावे, खिडकीवर निदान एका माणसाला मराठी समजावे, ही मागणी कोणाच्याही विरोधात नाही. सीमाभागातील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात या गोष्टींना जागा असलीच पाहिजे.

आणि दुसरी बाजूही सांगतो. कोणाला कडू लागली तरी सांगतो. आमच्या तरुणांनी कन्नड वाचावयास शिकले पाहिजे. कन्नड वाचता येणे ही शरणागती नव्हे. ज्या खिडकीविषयी आपण तक्रार करतो, त्या खिडकीच्या आत बसण्यासाठी तिन्ही लिप्या जाणणारी माणसे लागतात आणि तशी माणसे आमच्या घराघरांत आहेत. त्यांनी संगणकाचे रीतसर शिक्षण घ्यावे, परीक्षा द्याव्यात, आत जावे. त्यांच्यासारखा दुभाषा विद्यापीठाला शोधूनही मिळणार नाही.

काखेत कळसा

आता स्वतःकडे वळतो. त्या मुलीच्या नावाचे झाले काय, याचा आम्ही पुढे शोध घेतला. शोधता शोधता पाऊल आमच्याच शाळेच्या कार्यालयात येऊन थांबले. दहावीच्या अर्जाच्या वेळी आमच्याकडे संगणक बंद होता. यादी बाहेरच्या दुकानात नेऊन रात्री भरून घेतली होती. ज्याने भरली त्याने कन्नड यादीवरून इंग्रजी केले. छापील प्रत आमच्यासमोर आली, तेव्हा दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती. आम्ही पान उलटले आणि सही केली. वाचले नाही.

ती सही आजही त्या कागदावर आहे. विद्यापीठाच्या कारकुनाला प्रशिक्षण द्या असे लिहिण्यापूर्वी हे सांगणे आम्हाला भाग होते. मुलीच्या वडिलांनाही आम्ही ते घरी जाऊन सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, पुढच्या पोरांचं तरी बघा." त्यांनी रागे भरले असते तर बरे वाटले असते.

तेव्हापासून आमच्या गावच्या समितीने एक साधे काम हाती घेतले आहे. दहावीचे अर्ज भरण्यापूर्वी शाळेत एक दिवस पालकांना बोलावतो. जन्म दाखला, शाळेचे रजिस्टर, आधार कार्ड आणि बँकेचे पुस्तक चारही समोर ठेवतो आणि नावाचे एकेक अक्षर मोठ्याने वाचतो. जेथे फरक दिसतो तेथे दहावीच्या आधीच दुरुस्तीला लागतो. कारण दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव एकदा छापले गेले की पुढचे सारे कागद त्यावरच उभे राहतात. ज्या आईला वाचता येत नाही तिला शेजारची मुलगी वाचून दाखवते. याला पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही, आंदोलनही लागत नाही. एक टेबल, दोन बाके आणि चार शिक्षक लागतात. येळ्ळूरपासून निपाणीपर्यंत आणि खानापूरपासून उचगावपर्यंत प्रत्येक मराठी शाळेत असा एक दिवस व्हावयास हरकत नाही.

पण गावाने आपले केले म्हणून विद्यापीठाची जबाबदारी संपत नाही. यंत्रांवर पैसा खर्च होतो, तो दिसतो, त्याचे उद्घाटन होते, फोटो येतात. माणसांच्या शिकवणीवर केलेल्या खर्चाचे उद्घाटन करता येत नाही, म्हणून तो मागे पडतो. विद्यापीठाच्या कारभाऱ्यांना आमचे सांगणे आहे की, पुढील प्रवेशाच्या आधी आपल्या खिडकीवरच्या माणसाला विचारा, 'तुला चूक दुरुस्त करता येते का?' त्याने 'हो' म्हटले तर त्याच्याकडून एकदा करवून पाहा. आणि पालकांना आमचे सांगणे आहे की, बियाणे जसे तळहातावर घेऊन पाहता, तसा मुलीच्या अर्जाचा कागदही हातात घ्या, नाव वाचून घ्या आणि मगच खिडकी सोडा. पेरणीत चुकलेल्याला दुबार पेरणी तरी करता येते. मुलीचे वाया गेलेले वर्ष पुन्हा पेरता येत नाही.